पिक्चर बनवणारी कंपनी की विकणारी पण? कोकणात बसून केलेला हिशोब

दोघा-तिघांनी मिळून एक पिक्चर केला, तो दोन-चार फेस्टिव्हलना लागला, पेपरात फोटो आला, आणि आता कंपनीचं पुढे काय करायचं ते कळत नाहीये. कुडाळ, मालवण, रत्नागिरी, चिपळूण, सगळीकडे अशी मंडळी आहेत सध्या. त्यांचा प्रश्न साधारण एकच असतो, की यापुढे पण फक्त पिक्चर बनवायचे आणि विकायचं काम मुंबईतल्या प्रस्तुतकर्त्याकडे नाहीतर बाहेरच्या सेल्स एजंटकडे सोपवायचं, की विक्रीचा विभाग आपल्याच ऑफिसात उघडायचा, स्वतःचे विकायचे आणि जमलं तर दुसऱ्यांचेही.

मी सावंतवाडीत राहून लाइन प्रॉडक्शनची, म्हणजे बाहेरच्यांचं शूटिंग इथे सांभाळायची, कामं करतो आणि लोक ॲग्रीमेंट वाचायला आणून देतात, त्यामुळे माझं मत थोडं कागदाकडे झुकलेलं असणार हे आधीच सांगून ठेवतो. मत असं आहे की "विक्री" म्हणून आपण जे एकच काम धरतो ते खरं तर तीन वेगवेगळे धंदे आहेत. परदेश हा एक, मुंबई म्हणजे थिएटर-टीव्ही-ओटीटी हा दुसरा, आणि आपला गाव-तालुका हा तिसरा. तिघांची गणितं वेगळी, माणसं वेगळी, पैसे यायचा वेळ वेगळा. म्हणून घरात की बाहेर हे पण प्रत्येकाचं वेगळं ठरवायला लागतं.

मोठ्या कंपन्या कशा वाढल्या

चर्चेत सगळे ए२४ चं नाव घेतात, आपण पण कोकणातली ए२४ काढू वगैरे. पण ती कंपनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली ती डिस्ट्रिब्युटर म्हणून, दुसऱ्यांनी बनवलेले पिक्चर घ्यायचे आणि अमेरिकेत लावायचे. स्वतः निर्मिती केलेला पहिला पिक्चर २०१६ मध्ये आला आणि २०१७ ला त्यालाच बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं, त्यामुळे लोकांना वाटतं हे पहिल्यापासून निर्मातेच. मधली चार वर्षं ते दुसऱ्यांचा माल विकत होते हे कोणी सांगत नाही. अमेरिकेतलीच निऑन ही कंपनी २०१७ ची, तिचंही तेच. २०१९ पासून २०२५ पर्यंत कान्स फेस्टिव्हलला पाम दॉर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालेला प्रत्येक पिक्चर अमेरिकेत त्यांनीच वाटला, आणि स्वतःचा आंतरराष्ट्रीय विक्री विभाग त्यांनी नंतर काढला.

उलट्या बाजूने वाढलेली कंपनी बघायची तर पॅरिसची एमके२. मारिन कार्मित्झ आधी दिग्दर्शक, १९७४ मध्ये त्यांनी बास्तीयला थिएटर उघडलं, पुढे वितरण आलं, निर्मिती आली, आणि आता त्यांच्याकडे चॅप्लिन, त्रुफो यांच्या पिक्चरचा कॅटलॉग आहे जो दर वर्षी थोडा थोडा विकला जातो. जर्मनीतल्या कोलोनची मॅच फॅक्टरी २००६ पासून मुख्यतः वर्ल्ड सेल्स, म्हणजे पिक्चरचे हक्क देशोदेशी विकायचं काम, करत आली, आणि २०२२ मध्ये मुबीने ती विकतच घेतली. पिक्चर दाखवणाऱ्या कंपनीला विक्रीचं नेटवर्क स्वतः उभं करण्यापेक्षा तयार असलेलं विकत घेणं परवडलं, यावरून ते उभं करायला किती वेळ लागत असेल याचा अंदाज येतो.

आणि इतकं लांब कशाला जायचं, आपली प्रभात. १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्यात आली, स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचे कलाकार पगारावर, सगळं घरचं. पण वितरणाचं काम होतं बाबूराव पैंच्या फेमसकडे, आणि पुढे पै स्वतः प्रभातचे भागीदार झाले. म्हणजे विकणारा माणूस आधी बाहेरचा होता, कामातून विश्वास बसला, मग घरात आला. मला हा रस्ता आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

यातली एकही कंपनी एक पिक्चर हातात घेऊन सेल्समध्ये उतरलेली नाही. कारण साधं आहे. पिक्चरच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात जायचा खर्च, ॲक्रेडिटेशन म्हणजे प्रवेशाची नोंदणी, प्रवास, राहणं, पोस्टर, हे सगळं एक पिक्चर नेला तरी तेवढंच आणि दहा नेले तरी जवळपास तेवढंच. एकच पिक्चर घेऊन सेल्स कंपनी चालवणं म्हणजे एक पापलेट घेऊन जेटीवर लिलावाला बसण्यासारखं आहे, गिऱ्हाईक टोपली बघून थांबतं. घेणाऱ्याला एकाच मीटिंगमध्ये चार गोष्टी बघायच्या असतात, एक नाही आवडली तर दुसरी काढता आली पाहिजे.

परदेश

इथे माझं उत्तर सरळ आहे, एजंटला द्या. तरी दोन्ही बाजू मांडतो.

सेल्स एजंट काय करतो, तर पिक्चरचे भारताबाहेरचे हक्क ठरावीक वर्षांसाठी घेतो, बर्लिनच्या युरोपियन फिल्म मार्केटला फेब्रुवारीत, कान्सच्या मार्शे द्यु फिल्मला मे महिन्यात (हा बाजार १९५९ पासून भरतोय) आणि इतर ठिकाणी तो मांडतो, देशादेशाला विकतो. त्याचं कमिशन साधारण २० ते ३० टक्के असतं आणि त्याच्यावर बाजाराचा खर्च वेगळा. आपल्या मंडळींना कमिशन टोचतं, पण खरी टोचायची गोष्ट खर्चाची आहे. खर्चावर मर्यादा म्हणजे कॅप लिहून घेतली नाही तर पिक्चर विकला जातो, स्टेटमेंट येतं, आणि तुमच्या रकान्यात शून्य, कारण पोस्टर, पार्टी, प्रवास सगळं आधी वसूल होतं. कमिशन दोन टक्क्यांनी कमी करून घेण्यात शक्ती घालवू नका, कॅप मागा, स्टेटमेंट दर सहा महिन्यांनी मागा, आणि एवढ्या वर्षांत एवढी विक्री झाली नाही तर हक्क परत अशी ओळ मागा. मिनिमम गॅरंटी, म्हणजे आगाऊ ठोक रक्कम, नव्या कंपनीच्या मराठी पिक्चरला क्वचित मिळते, ती मिळेल असं धरून कर्ज काढू नका.

घरातून परदेश विकायचा म्हटलं तर काय लागेल? फ्रान्समधला कुठला डिस्ट्रिब्युटर या वर्षी काय शोधतोय, तैवानला कोण घेतं, कुठल्या टीव्ही चॅनलचा माणूस बदलला, ही माहिती सतत ताजी ठेवणारं कोणीतरी. ही माहिती वर्षानुवर्षं त्याच टेबलांवर बसून मिळते, मेल टाकून मिळत नाही. शिवाय डिलिव्हरी, म्हणजे घेणाऱ्याला द्यायचा माल, असते, डीसीपी (थिएटरात लावायची डिजिटल कॉपी), मास्टर फाइल, डायलॉग लिस्ट, सबटायटल, डबिंगसाठी संगीत आणि इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक, आणि चेन ऑफ टायटल म्हणजे कथा कोणाची, गाणी कोणाची, नट-नटींनी सही केलीय का याची अखंड कागदपत्रं. हे सगळं एजंट घेतला तरी तुम्हालाच द्यायचं असतं. मालवणी पिक्चर असेल तर सबटायटलवर दोन पैसे जास्त घाला, आधी प्रमाण मराठीत आणि मग इंग्रजीत असं दोनदा गाळून आलेलं सबटायटल बघवत नाही.

मग वेळेचा प्रश्न. 'किल्ला' आपल्याच किनाऱ्यावर शूट झालेला, फेब्रुवारी २०१४ ला बर्लिनला क्रिस्टल बेअर मिळालं आणि आपल्याकडे थिएटरात लागला जून २०१५ मध्ये. 'कोर्ट' व्हेनिसला सप्टेंबर २०१४, इथे एप्रिल २०१५. 'साबर बोंडं' ला सनडान्सचं ग्रँड ज्युरी प्राइझ जानेवारी २०२५ मध्ये, इथे रिलीज सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे सगळं नीट झालं, जगातली मोठी बक्षिसं मिळाली, तरी पहिला फेस्टिव्हल ते आपलं थिएटर यात सात ते सोळा महिने गेले. त्या काळात ऑफिसचं भाडं, एडिटिंगवाल्याचं राहिलेलं बिल, भागीदारांचं घर, हे कशावर चालणार? विक्री घरात घेतलीत तर त्यात एक पगार वाढतो, एवढंच तूर्तास होतं.

यात क्रम चुकला की सगळंच अडतं. मोठे फेस्टिव्हल बहुतेक वर्ल्ड नाहीतर इंटरनॅशनल प्रीमियर मागतात, म्हणजे जगातला नाहीतर निदान आपल्या देशाबाहेरचा पहिला शो. आधी इकडे थिएटरला लावला, ऑनलाइन टाकला, आणि मग एजंट शोधायला निघालात तर एजंट बघणारही नाही, त्याच्याकडे विकायला प्रीमियरच उरलेला नसतो. त्यामुळे परदेशाचा निर्णय सगळ्यात आधी घ्यायचा, आणि तिकडे जायचंच नाही असं ठरलं तर तेही लवकर ठरवून मोकळं व्हायचं. प्रत्येक पिक्चर तिकडचा नसतो हो. भजनी मंडळांच्या डबलबारीवरचा कॉमेडी पिक्चर रोटरडॅमच्या फेस्टिव्हलला पाठवून वर्षभर थांबण्यात काय अर्थ आहे.

बक्षीस आणि प्रचार यांचा खर्चही वेगळा धरा. २००४ मध्ये 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताची ऑस्कर एंट्री म्हणून तो गेला, आणि तिथल्या प्रचारासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला लागले होते. ते एकदाच होतं, दर पिक्चरला लोक झोळी भरत नाहीत.

मुंबई

इथे खरा गोंधळ आहे आणि इथेच निर्णय अवघड आहे, म्हणून जरा वेळ घेतो.

तुमच्यासमोर तीन प्रकारची माणसं येतील. एक, प्रस्तुतकर्ता, जो म्हणेल सगळं माझ्याकडे द्या, नाव माझं वर, पब्लिसिटी मी करतो. दोन, कमिशनवर काम करणारा डिस्ट्रिब्युटर, खर्च तुमचा, थिएटर तो लावून देणार. तीन, एमजी म्हणजे वर सांगितलेली मिनिमम गॅरंटी देणारा, जो दिसतो कमी आणि बोलला जातो जास्त. आणि चौथा पर्याय म्हणजे तुम्ही स्वतः दादर-अंधेरीला एक खोली घेऊन बसायचं.

तिकिटाचं गणित मांडून बघू म्हणजे कळेल कोण कशासाठी भांडतोय. मल्टिप्लेक्सचं तिकीट १५० रुपये धरा. त्यात १८ टक्के जीएसटी आतच आहे, म्हणजे निव्वळ १२७. २००९ च्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० असं ठरलं होतं, आपलंही साधारण त्याच धर्तीवर चालतं. पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला आले ६३ रुपये ५० पैसे. डिस्ट्रिब्युटरचं कमिशन समजा १५ टक्के, उरले ५४. यातून आता डिजिटल प्रोजेक्शनची फी म्हणजे व्हीपीएफ, पोस्टर, जाहिराती, प्रमोशनच्या गाड्या जायच्या आहेत. १०० रुपयांच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तिथे याच हिशोबाने ४० च्या आसपास उरतात. छोट्या सेंटरला हाच दर चालतो, त्यामुळे हा बदल आपल्या भागाला कामाचा आहे.

आता विक्री घरात घेतलीत तर वाचणार काय? ते १५ टक्के, म्हणजे १५० च्या तिकिटामागे साडेनऊ रुपये. आणि जाणार काय? थिएटरात कुठला शो कोणाला ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमिंगवाल्याकडे तुमचा शब्द चालत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याला द्यायला तुमच्याकडे दुसरा पिक्चर नाही. जुना डिस्ट्रिब्युटर म्हणतो, याला सहाचा शो दे, दिवाळीत मोठा पिक्चर तुलाच देतो. तुम्ही काय म्हणणार? मराठीला प्राइम टाइम द्यायचा २०१५ चा सरकारी निर्णय आहे, तो जरूर दाखवा, पण प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा असं ऐकायची तयारी ठेवा. साडेनऊ रुपयांसाठी सकाळचा शो घेण्यापेक्षा ते देऊन संध्याकाळचा घेतलेला बरा. थिएटरपुरतं म्हणून माझं मत, कमिशनवाला डिस्ट्रिब्युटर घ्या, खर्चाची यादी आधी सही करून घ्या, आणि रोजचं कलेक्शन तुमच्या मोबाइलवर थेट आलं पाहिजे असं लिहून घ्या.

प्रस्तुतकर्त्याचं वेगळं आहे. त्याच्याकडे पब्लिसिटीची ताकद असते हे खरं, चॅनल असेल तर दिवसात वीस वेळा ट्रेलर दिसतो, आणि पहिल्या पिक्चरला ही ताकद नाकारणं सोपं नाही. पण तो हक्क कसे मागतो ते वाचा. कायमस्वरूपी, सगळी माध्यमं, आज असलेली आणि उद्या निघणारी, अख्ख्या जगासाठी. एका ओळखीच्या निर्मात्याने असंच ॲग्रीमेंट आणून दाखवलं होतं, त्याला वाटत होतं टीव्हीचे हक्क दिलेत, वाचलं तर रीमेक, डबिंग आणि पात्रांवरून सिरीज काढायचे हक्क पण गेलेले.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात काही गोष्टी आपल्या बाजूने आहेत आणि त्या फार कमी लोकांना माहीत असतात. हक्क देणं लेखीच हवं, सहीसकट. करारात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल तर तो परत येतो. त्यामुळेच समोरचा वकील मुदत आणि प्रदेश इतका भरभरून लिहितो! आणि पिक्चरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. साठ वर्षांची गोष्ट तुम्ही एका रिलीजच्या पब्लिसिटीसाठी देताय का, एवढं स्वतःला विचारा. द्यायचंच तर पाच-सात वर्षांसाठी द्या, आणि जे तो वापरणारच नाही ते काढून ठेवा.

ओटीटीबद्दल थोडक्यात. बड्या प्लॅटफॉर्मना एकट्या निर्मात्याशी बोलायला वेळ नसतो, ते ॲग्रिगेटरकडे, म्हणजे बऱ्याच निर्मात्यांचे पिक्चर गोळा करून प्लॅटफॉर्मना देणाऱ्या मध्यस्थाकडे, पाठवतात, आणि थिएटर न झालेल्या मराठी पिक्चरला ठोक रक्कम मिळणं अवघड झालंय. ॲग्रिगेटर घ्या पण एक्सक्लुझिव्ह किती महिने ते बघा. हे काम घरात ठेवायचं तर ठेवता येतं, त्याला माणूस लागतो पण मुंबईत खोली लागत नाही.

राज्य सरकारचं अनुदान गोरेगाव चित्रनगरीच्या महामंडळाकडून दर्जा ठरवून मिळतं. अर्ज करा, मिळालं तर आनंद, पण कॅश फ्लोच्या कागदावर ते लिहू नका. समितीचं परीक्षण, निकाल, मग पैसे, याला आपल्या सोयीची तारीख नसते.

गाव

आणि इथे मात्र कोणालाही देऊ नका. मुंबईचा डिस्ट्रिब्युटर सिंधुदुर्ग-रत्नागिरी मिळून दोन-तीन स्क्रीन लावून मोकळा होतो, कारण त्याच्या दृष्टीने एवढंच सेंटर आहे. पण आपल्याकडे नाट्यगृहं आहेत, मालवणचं मामा वरेरकर, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, शिवाय कॉलेजचे हॉल, आणि दशावतार रात्रभर बसून बघणारा प्रेक्षक आहे. करारात "थिएटरबाह्य प्रदर्शन, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, निर्मात्याकडे राहील" एवढी एक ओळ घालून घ्या, समोरचा सहसा नाही म्हणत नाही, त्याला त्यात पैसेच दिसत नाहीत.

पैसे आहेत का? समजा हॉलमध्ये २०० माणसं, १०० रुपये तिकीट, २० हजार जमले. जीएसटी नंबर असेल तर त्यातले साडेनऊशे गेले. भाडं, प्रोजेक्टर, साऊंड, पोस्टर, पोरांचा चहा-वडापाव मिळून समजा १२ हजार. उरले सात हजार. मल्टिप्लेक्समध्ये तिकिटामागे ५४ च्या हिशोबाने सात हजार उरायला १३० तिकिटं खपायला लागतात, आणि त्यातूनही पब्लिसिटी अजून वजा व्हायची आहे. गावात एका संध्याकाळचा हा हिशोब आहे, आणि पैसे त्याच रात्री हातात. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या हॉलचं भाडं टाकून स्वतः मांडा. सेन्सॉर सर्टिफिकेट मात्र इथेही लागतं, गावचा हॉल म्हणून सूट नाही, आणि स्थानिक परवानगी आधी विचारून घ्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सर्टिफिकेट कायमचं झालंय, आधी दहा वर्षांची मुदत असायची, त्यामुळे जुने पिक्चर धरून ठेवणाऱ्याला आता एक कटकट कमी.

त्रास आहेच. "आमच्याच गावचो पिक्चर, तेका तिकीट कित्याक?" हे प्रत्येक गावात ऐकायला लागतं, आणि सरपंच, शाळेचे गुरुजी, ज्यांच्या अंगणात शूटिंग केलं ते घर, यांचे पास काढता काढता पुढच्या तीन रांगा संपतात. पास द्या, पण मोजून द्या आणि हिशोबात दाखवा, नाहीतर भागीदारांत त्यावरून वाजतं.

कॅलेंडर पण आपलं वेगळं. गणपतीत गाव भरलेला असतो म्हणून पिक्चर लावू असं मुंबईकराला वाटतं, पण त्या दिवसांत आरत्या, भजनं, फुगड्या सोडून हॉलमध्ये कोण येतंय. २०२५ चा 'दशावतार' १२ सप्टेंबरला लागला, अनंत चतुर्दशीनंतर सहा दिवसांनी, चाकरमानी तोवर मुंबईला परतलेले. कोकणी माणसाचा पिक्चर लालबाग, भांडुप, डोंबिवली, विरारलाच जास्त बघितला जातो हे लक्षात घेतलं तर ती तारीख पटते. गावात लावायचा तर मे महिना चांगला, पाऊस पडायच्या आत. जून ते सप्टेंबर प्रोजेक्टर घेऊन फिरायचा विचार करू नका, लाइट जाते आणि माणसं लावणीत असतात.

हे शो करताना विक्री म्हणजे काय ते हाताला लागतं. कोणत्या पोस्टरला माणूस थांबतो, कोणत्या वयाचा येतो, कुठल्या सीनला उठून बाहेर जातो. ही माहिती घेऊन एजंटकडे गेलात तर बोलणं वेगळं होतं.

दुसऱ्यांचे पिक्चर विकायला घ्यावेत का

खरी वाढ इथे आहे, पण पहिल्या वर्षी नाही. तीन-चार पिक्चरचे हक्क, निदान जिल्ह्यापुरते आणि डिजिटलचे, हातात असल्याशिवाय आणि एक माणूस पूर्णवेळ फक्त हेच करणारा असल्याशिवाय घेऊ नका. दिग्दर्शक भागीदार शूटिंग नसताना विक्री बघेल, ही व्यवस्था मी टिकलेली बघितली नाही. स्वतःच्या नव्या स्क्रिप्टमध्ये त्याचं मन असतं, आणि मेलला उत्तर पंधरा दिवसांनी जातं.

दुसऱ्याचा पिक्चर घेतला की त्याचे पैसे वेगळ्या बँक खात्यात. यावर तडजोड नको. तुमच्या पुढच्या शूटिंगला पैसे कमी पडले म्हणून त्यातले वापरले, की आख्ख्या किनारपट्टीवर आठवड्यात ते पसरतं आणि मग परत कोणी पिक्चर देत नाही. शिवाय स्वतःचा आणि दुसऱ्याचा पिक्चर एकाच घेणाऱ्यासमोर ठेवताना कोणाचा आधी दाखवाल? करारातच लिहा काय करणार ते. विक्रीची यादी ठेवा, कुठल्या पिक्चरचा कुठला हक्क कुठल्या प्रदेशात अजून शिल्लक आहे आणि कधी मोकळा होणार, साध्या एक्सेलमध्ये चालेल, पण रोज बघितली गेली पाहिजे. एकच हक्क दोघांना विकला जाणं हे या धंद्यातलं सगळ्यात महाग दुखणं.

तोपर्यंत पोट कशावर

लाइन प्रॉडक्शन. बाहेरच्यांचं शूटिंग सांभाळायचं काम कोकणात आहे, आणि ते नियमित पैसे देतं. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग इथे पुरातत्त्व खात्याची परवानगी, जेटी-बंदरावर मेरिटाइम बोर्ड, खाडीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून कॉल टाइम, हे ज्याला येतं त्याला मुंबईवाले शोधत येतात. धोका एवढाच की त्यात गुंतलं की स्वतःचा पिक्चर मागे पडतो. म्हणून मी म्हणतो वर्षातले ठरावीक महिनेच घ्या.

कंपनीचा प्रकार विचारतात म्हणून सांगतो. दोन-तीन भागीदार आणि छोटी उलाढाल असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, स्वस्त पडते, उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही. बाहेरचा गुंतवणूकदार शेअर मागणार असेल तर प्रायव्हेट लिमिटेडच, तिथे ऑडिट पहिल्या वर्षापासून. हक्क कंपनीच्या नावावर हवेत, कोणा एका भागीदाराच्या नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. हक्क विकताना १८ टक्के जीएसटी लावायचा असतो, पण परदेशी घेणाऱ्याकडून परकीय चलनात पैसे आले आणि तुम्ही एलयूटी (निर्यातीसाठी जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरलेलं असेल तर तो लावावा लागत नाही. देशातला घेणारा पिक्चरच्या वितरण-प्रदर्शनाच्या रॉयल्टीवर २ टक्के टीडीएस कापतो, १० कापला असेल तर विचारा, बऱ्याच ठिकाणी अकाउंटवाला सवयीने दहा कापतो.

नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हलच्या, वेळी पणजीला एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाचा फिल्म बाजार भरतो, २००७ पासून, आता वेव्हज फिल्म बाजार नावाने. बर्लिन-कान्सचे पिक्चर निवडणारे प्रोग्रॅमर आणि एजंट तिथे स्वतः येतात, आणि आपल्याला सावंतवाडीहून ते साठ किलोमीटरवर आहे, हॉटेलचा खर्च नाही. व्ह्यूइंग रूमसाठी, जिथे घेणारे बसून पिक्चर बघतात, पिक्चर पाठवायची मुदत त्याच्या बरीच आधी संपते, त्यामुळे पावसाळ्यातच वेबसाइट बघून ठेवा, रफ कट असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅबला टाका, आणि भेटायचंय त्यांना मेल करून वेळ आधी घ्या. अर्ज भरायच्या आत कथेचं, संगीताचं आणि नट-नटींचं ॲग्रीमेंट फायलीत आहे का ते बघा, तिन्हीतलं एखादं तरी नसतं.